सात नंबरच्या शेडमधलं तांबं

काटेमास्तरांना किळस यायला फार काही लागत नसे. कुणी ओल्या हाताने चहाचा कप पुढे केला, कुणी शिंकून तोच हात मिळवायला आणला, की ते तोंड फिरवून दोन पावलं मागे सरकत. जावई वर्तमानपत्राचं पान उलटताना बोट जिभेला लावायचा. त्याच्या घरी राहायला आल्यापासून मास्तरांनी वर्तमानपत्रच सोडून दिलं होतं. पण ही सगळी वरवरची किळस. आतड्यापासून येणारी शिसारी त्यांना एकाच गोष्टीची होती, ती म्हणजे खोटं वजन. धातूबाजाराचा काटा त्यांनी चाळीस वर्षं सांभाळला. एकदा शिशाने भरलेला अख्खा ट्रक त्यांनी दारातून परत पाठवला, कारण मालावर बांधलेले दोर ओले होते. ओल्या दोरांचं पाणी शिशाच्या भावाने विकायला निघालेल्या त्या माणसाने मिनतवारी करत चहा मागवला, तोही मास्तरांनी त्याच्यादेखत मोरीत ओतला. माणूस फटकळ, पण पावती शंभर नंबरी, असं बाजार म्हणायचा. त्यांचं खरं नाव मात्र बाजारात कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्या बाजारातले बहुतेक व्यापारी मास्तरांच्याच धर्माचे, म्हणजे व्याज आणि सट्टा दोन्ही हराम मानणारे. उद्या भाव चढेल की पडेल ही धास्ती त्यांना नव्हती असं नाही, पण तिच्यावरचे त्यांचे उपाय साधे होते. कुणी विसार देऊन माल अडवून ठेवी. घेतला तर विसार किमतीत धरला जाई, नाही घेतला तर बुडे, आणि त्याबद्दल कुणी तोंड वाकडं करत नसे. कुणी भट्टीवाल्याला आजच सगळे पैसे मोजी आणि तीन महिन्यांनी ठरल्या दिवशी ठरल्या वजनाचं तांबं घेऊन जाई. काही झालं तरी तांबं शेवटी काट्यावर यायचं, मास्तर पावती फाडायचे, आणि मगच ते कुणाचं तरी व्हायचं.

मग बाजार शहराबाहेर गेला, काटा भंगारात गेला, आणि त्याच वर्षी मास्तरांची बायकोही गेली. मुलीने हट्टाने त्यांना आपल्या घरी नेलं. जावयाच्या घरी राहणं मास्तरांना पहिल्या दिवसापासून टोचत होतं. जेवताना ते दुसरी पोळी मागायचे नाहीत. जावई बिनव्याजी बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता, गळ्यात पट्टा, अंगाला अत्तराचा घमघमाट. वाईट माणूस नव्हता. एका रात्री जेवताना तो म्हणाला की त्याच्या बँकेला मास्तरांसारख्या माणसाची गरज आहे, आणि मग हात वाळेपर्यंत समजावत बसला.

इतर बँका काय करतात, तर तांब्याच्या नुसत्या भावावर करार करतात. महागलं तर बँक गिऱ्हाइकाला फरक देणार, स्वस्त झालं तर गिऱ्हाईक बँकेला. तांबं कुठे आहे, कुणाचं आहे, याच्याशी दोघांनाही देणंघेणं नाही. म्हणजे ती पैजच झाली, आणि आपल्यात ती चालत नाही. म्हणून जावयाच्या बँकेने ‘निर्धास्त’ नावाची योजना काढली होती. यात तांबं खरं. गिऱ्हाईक आज वचन देणार की अमुक दिवशी अमुक भावाने इतकं तांबं घेईन, बँक वचन देणार की मी देईन. त्या दिवशी ते तांबं खरोखरच गिऱ्हाइकाच्या नावावर होणार. त्याला प्रत्यक्ष माल नको असेल तर बँक त्याच्या वतीने तो लगेच बाजारभावाने विकून देणार, आणि वरखाली झालेला भाव असा सांभाळला जाणार. पण तांबं खरोखर जागेवर आहे, पुरेपूर आहे, हे रोज सांगायला कुणीतरी विश्वासाचा माणूस हवा होता.

मास्तरांना ते मनापासून पटलं. आपल्या बापाच्या वेळची रीत सुटाबुटात परत आली म्हणायची, असं त्यांना वाटलं. त्या रात्री त्यांनी दुसरी पोळी मागून घेतली.

सात नंबरची शेड म्हणजे पत्र्याचं लांबलचक गोदाम. त्यात तांब्याच्या जाड पत्र्यांच्या तीस थप्प्या, एका थप्पीत वीस पत्रे, थप्पीचं वजन दोन टन. दाराशी जमिनीत बसवलेला जुना काटा, त्याच्या शेजारी मास्तरांचं टेबल. रोज सकाळी एका छापील पानावर सही करायची. ‘थप्पी क्रमांक एक ते तीस समक्ष पाहिल्या, तोलून घेतल्या, माल पूर्ण आहे.’ पहिला महिनाभर मास्तरांनी हमालांना घाम फोडला. रोज एक थप्पी काट्यावर, मग जागेवर, दुसऱ्या दिवशी पुढची. महिन्यानंतर बँकेने हमाल काढून घेतले. माल हलतच नाही तर हमाल कशाला, असा त्यांचा हिशेब. मास्तरांनी कुरकुर केली, दोनदा अर्ज दिला, आणि मग गप्प बसले. काट्यावर ताडपत्री टाकली. जागचं न हललेलं तांबं रातोरात हलकं थोडंच होणार होतं?

त्या तांब्याला कुणी हात लावत नव्हतं. कबुतरं मात्र बसत. महिन्यादोन महिन्यांत थप्प्यांचा लालसर रंग जाऊन त्यावर हिरवट डाग आणि पांढरी विष्ठा साचली, आणि मास्तर नाकाला रुमाल लावून त्यांच्यामधून फेरी मारू लागले.

मग एका रविवारी जावयाच्या टेबलावर पडलेला बँकेचा एक कागद त्यांच्या नजरेस पडला. वाचायचं म्हणून नाही, जेवणाची ताटं ठेवायला जागा करायची म्हणून त्यांनी तो उचलला होता. त्यावर आदल्या दिवशीची खरेदीविक्री होती. थप्पी क्रमांक चौदा सकाळी दहाला विकली, दहा वाजून चार मिनिटांनी परत विकली, आठ मिनिटांनी परत. एका दिवसात चौदा नंबरची थप्पी बासष्ट वेळा विकली गेली होती आणि सकाळी ज्या दलालाची होती, संध्याकाळी पाचला त्याच्याकडेच परत आली होती. मास्तर त्या दिवशी शेडमध्येच होते. चौदा नंबरवर दिवसभरात एक कबुतर बसलं होतं, एवढीच काय ती हालचाल.

त्यांनी जावयाला विचारलं. जावयाने शांतपणे उत्तर दिलं.

“बाबा, तांबं खरं आहे ना? ज्याच्या नावावर झालं त्याला ते न्यायचा हक्क आहे ना? आता लोकांनाच न्यायचं नाही, त्याला बँक काय करणार?”

यात खोट काढायला मास्तरांना जागा सापडेना. जावयाने पाण्याचा घोट घेऊन खळखळून चूळ भरली आणि ती गिळली. मास्तर जेवणावरून उठले. मुलीला वाटलं, बाबांना पुन्हा पित्त झालं.

त्यानंतर शेडमध्ये जाणं त्यांच्या अंगावर येऊ लागलं. बँकेच्या लोकांचे गुळगुळीत हात, अत्तर, ‘निर्धास्त’च्या माहितीपत्रकावर छापलेला हसणारा कुटुंबवत्सल गृहस्थ, सगळ्याचीच त्यांना घाण वाटू लागली. रोज सही केली की ते नळाखाली हात धुवून येत. या सगळ्या बरबटलेल्या कारभारात आपली सही तेवढी स्वच्छ आहे, या एका गोष्टीवर ते तग धरून होते.

वर्षातून एकदा बँकेच्या धर्मसल्लागार मंडळाचे मुफ्तीसाहेब शेड पाहायला येत. म्हातारे, बारीक, कमी बोलणारे. त्यांनी एका पत्र्यावर बोट फिरवलं, बोटाला लागलेली धूळ बराच वेळ पाहिली आणि हा माल कधी बाहेर जातो का, असं विचारलं. गिऱ्हाइकाला हवा असेल तेव्हा, असं जावयाने सांगितलं. मग मुफ्तीसाहेब मास्तरांकडे वळले आणि तुम्ही रोज तोलता ना, म्हणाले. मास्तर हो म्हणाले. मुफ्तीसाहेबांनी मान हलवली आणि व्यवहार धर्माला धरून असल्याच्या दाखल्यावर सही केली.

त्याच हिवाळ्यात बाजारातलं तांबं नाहीसं झालं. व्यापाऱ्यांनी ते दाबून ठेवलं होतं, की खाणीच बंद पडल्या होत्या, कुणी काही सांगे, कुणी काही. खिशात पैसे असूनही तांबं मिळत नव्हतं. आणि एका सोमवारी सकाळी साडेनऊला सात नंबरच्या शेडसमोर एक टेम्पो येऊन उभा राहिला. त्यातून दोन हमाल उतरले आणि त्यांच्यामागून तारवाल्या बाई.

बाईंचा कारखाना पंपाच्या मोटारीत गुंडाळायची तांब्याची तार काढायचा. दोन खोल्या, दोन यंत्रं, सहा बायका कामाला. पंप बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्याला त्यांनी ठरलेल्या भावाने तार द्यायचं कबूल केलं होतं. मध्येच तांबं महागलं तर आपण बुडू म्हणून चार महिन्यांपूर्वी त्यांनी बँकेकडून ‘निर्धास्त’ घेतलं होतं. त्याचा दिवस आज होता. बाकी सगळी गिऱ्हाइकं अशा दिवशी बँकेतून फरक घेऊन घरी जात. बाईंनी मात्र कराराची अकरा पानं शब्दन् शब्द वाचली होती आणि वाचलेलं खरं धरलं होतं. करारात लिहिलं होतं की दहा ते सव्वादहा माल खरेदीदाराच्या मालकीचा, तो त्याला पाहता येईल, नेता येईल. माझ्या वतीने विकू नका, असं बँकेला आठवड्यापूर्वी लेखी कळवून बाई आपलं तांबं न्यायला आल्या होत्या. ते पत्र बँकेत कुणी उघडलंच नव्हतं.

मास्तरांचा चेहरा इतका उजळला की हमालांनाही हसू आलं. दीड वर्षात पहिलं माणूस तांबं न्यायला आलं होतं. त्यांनी बाईंना स्वतःच्या खुर्चीवर बसवलं. बाईंना थप्पीचा नंबर ठाऊक होता, चौदा.

पावणेदहाला बातमी लागून जावई धावत आला. त्याने बाईंना चहा विचारला, मग फरकाची रक्कम सांगितली, मग वर थोडी रक्कम देऊ केली. चौदा नंबर सव्वादहाला दुसऱ्याला जायची होती, तिथून तिसऱ्याला, अशी दिवसभराची साखळी लागली होती. थप्पी दाराबाहेर गेली तर सगळंच कोसळणार होतं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मला फरक ओढून तार काढता येत नाही, एवढंच म्हणाल्या. परवा माल गेला नाही तर काम हातचं जाणार होतं.

“आणि करारासोबतच्या पानावर ‘काटेमास्तर’ अशी सही होती म्हणून मी हे घेतलं,” त्या जावयाला म्हणाल्या. “माझे सासरे म्हणायचे, काटेमास्तरांनी तोललं असेल तर परत तोलू नये.”

हे ऐकून मास्तर ताठ उभे राहिले. जावयाने त्यांना बाजूला घेऊन हात जोडले, माझी नोकरी, तुमच्या मुलीचं घर, असं काहीबाही सांगितलं. त्याच्या घामाचा आणि अत्तराचा मिसळलेला वास मास्तरांच्या नाकात गेला. करारात आहे ना, मग आता कराराप्रमाणे होऊ दे, असं म्हणून त्यांनी हात सोडवून घेतला. शेडचा नियम एकच होता. काट्याची पावती फाटल्याशिवाय माल दाराबाहेर जात नाही, आणि सव्वादहाच्या आत पावती फाटली नाही तर माल आपोआप पुढच्या गिऱ्हाइकाचा. माल बाईंचा झाल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही म्हणून मास्तर दहाच्या ठोक्याची वाट पाहत उभे राहिले. दहा वाजले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने काट्यावरची ताडपत्री ओढली.

तिच्याखालून असा भपकारा आला की हमाल मागे सरले. काट्याखालच्या खड्ड्यात पाणी साचून हिरवं झालं होतं, उंदरांनी घर केलं होतं, एक मेलेला उंदीर दांड्यात अडकून पडला होता. मास्तरांनी नाकाला रुमाल लावला नाही. खड्ड्यात हात घालून त्यांनी उंदीर बाहेर काढला, दांडा हलवला, काट्यावर उभे राहिले, उडी मारून पाहिली. तबकडीवरची सुई शून्यावर गंजून बसली होती. पाच मिनिटं गेली, आठ गेली. मास्तर कोपरापर्यंत चिखलात.

जावयाने घड्याळ पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरची सुटकेची लकेर मास्तरांना दिसली.

“मास्तर, अंदाजे लिहा,” बाई म्हणाल्या. “वीस पत्रे आहेत, मी मोजलेत. पाचदहा किलो इकडेतिकडे झालं तर माझं नुकसान समजा.”

हमालांनी पहिले पत्रे उचललेदेखील. मास्तर टेबलाशी आले, चिखलाचा हात सदऱ्याला पुसून पावतीपुस्तक उघडलं, पेन धरलं. आणि ते परत टेबलावर ठेवलं. चाळीस वर्षांत न तोललेल्या मालाची पावती त्यांनी फाडली नव्हती.

“नाही, बाई,” ते म्हणाले. “अंदाजाने मी कधी लिहिलं नाही.”

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग टेबलावर. पावतीपुस्तकाशेजारीच त्या सकाळचं पान पडलं होतं. बाईंनी ते उचलून शांतपणे वाचलं, काट्याच्या खड्ड्याकडे पाहिलं, पुन्हा पान पाहिलं.

“हे आज सकाळचं आहे. ‘तोलून घेतल्या’, खाली तुमची सही. मग हे काय आहे, मास्तर?”

मास्तरांनी पावतीपुस्तक मिटलं. बाईंनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्यांनी ते पान नीट टेबलावर ठेवलं आणि हमालांना उचललेले पत्रे खाली ठेवायला सांगितले. सव्वादहा झाले आणि चौदा नंबरची थप्पी दुसऱ्या कुणाची तरी झाली. टेम्पो रिकामा गेला. जावयाने मास्तरांच्या पाठीवर हात ठेवला, वाचवलंत बाबा, म्हणाला, आणि हात धुवायला स्वतः साबण आणून दिला.

त्या साबणाने मास्तर अर्धा तास हात घासत होते. दीड वर्ष ज्यांच्या गुळगुळीत हातांची त्यांना घाण वाटत होती, त्यांनी निदान काटेमास्तर असल्याचा आव आणला नव्हता. बँकेने जे विकलं ते मास्तरांच्याच सहीवर. मुफ्तीसाहेबांनी दाखला दिला तो यांच्याच होकारावर. एका बाईचं काम वाचवायला पाचदहा किलोंचा अंदाज लिहायची वेळ आली तेव्हा हे साधू झाले, आणि पाचशे सकाळी साठ टनांचं खोटं लिहिताना यांना साधी उचकी लागली नव्हती. मास्तरांना स्वतःचीच ओकारी आली, आणि ते तिथेच नळाशी ओकले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पानावर सही केली नाही. त्याऐवजी काट्याची सगळी हकिगत लिहून काढली आणि ती स्वतः मुफ्तीसाहेबांच्या हातात नेऊन दिली. मुफ्तीसाहेबांनी ती दोनदा वाचली. मास्तरांना बसायला सांगितलं नाही, जा असंही म्हणाले नाहीत. मी तुम्हाला विचारलं होतं, एवढंच म्हणाले. शेडचा दाखला त्यांनी त्याच दिवशी रद्द केला. बँकेने आठवड्याभरात दुसऱ्या शहरात दुसरं गोदाम घेतलं, दुसरा धातू, दुसरा सही करणारा, आणि छापील पानातून ‘तोलून घेतल्या’ हे शब्द वगळले. ‘निर्धास्त’ पूर्वीसारखीच चालू राहिली.

जावयाची बढती हुकली. घरात तो मास्तरांशी बोलेनासा झाला. मुलगी रडली, मग चिडली. इतके दिवस तोलत नव्हतात तेव्हा काही वाटलं नाही, आणि आमच्या गळ्याशी आल्यावर कशी टोचणी लागली, असं तिने विचारलं.  मास्तरांनी धातूबाजाराच्या जुन्या वस्तीत एक खोली पाहिली आणि आपली ट्रंक घेऊन निघाले.

तारवाल्या बाईंचं काम गेलंच होतं. सहापैकी चार बायकांना त्यांना घरी बसवावं लागलं. एक यंत्र विकलं गेलं. उन्हाळ्यात तांबं परत बाजारात दिसू लागल्याचं कळलं तेव्हा मास्तर एका सकाळी त्यांच्या कारखान्यावर गेले. काय बोलायचं हे त्यांनी चालता चालता तीनदा ठरवलं आणि तीनदा मोडलं. पोचले तेव्हा दारात हातगाडी उभी होती, तिच्यावर पाच पत्रे, आणि उंबऱ्याबाहेर एक छोटा काटा, पुसून लख्ख ठेवलेला. बाई दारातच उभ्या राहिल्या. गाडीवाला घाई करत होता. मास्तरांनी सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या, आधी रिकाम्या काट्याची सुई पाहिली, मग एकेक पत्रा चढवून वजन घेतलं, आकडे कागदावर लिहिले, बेरीज केली आणि कागद बाईंच्या हातात दिला.

बाईंनी तो वाचला, घडी करून खिळ्याला टोचला आणि गाडीवाल्याला पाचही पत्रे पुन्हा काट्यावर चढवायला सांगितले.

मास्तरांनी तोललेलं बाजारात आजवर कुणी परत तोललं नव्हतं. गाडीवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं. मास्तरांनी पहिल्या पत्र्याला एका बाजूने हात लावला, त्याच्याबरोबर तो उचलून काट्यावर ठेवला, आणि बाजूला उभे राहून सुई थांबायची वाट पाहू लागले.